मेणाचा लिओनेत्तो

मेणाचा लिओनेत्तो मोंतेसेल्वोत आला तो बैलगाडीतून. सगळं अंग गवतात गुंडाळलेलं, नाक तेवढं बाहेर. वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला सलाम ठोकला. चांभाराच्या बायकोने "किती रे वाळलास, लेकरा!" म्हणून डोळ्यांना पदर लावला. आमच्या पाद्रीबाबांनी तर गाडी थांबवून त्याला खडसावलं, की उपवासाचे दिवस अर्धे सरले, अजून पापांची कबुली द्यायला आला नाहीस, आणि आता माझ्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते का? दिवाणखान्यात उभा केल्यावर म्हातारी शिकारी कुत्री त्याची बोटं चाटून त्याच्या पायाशी झोपली, आणि खरा लिओनेत्तो आत आला तेव्हा त्याच्यावर भुंकली. हे मी स्वतः पाहिलंय. निदान भुंकणं तरी.

खरा लिओनेत्तो तेव्हा वीस वर्षांचा होता. पेत्रालती घराण्यातली माणसं सहसा ऐंशी-नव्वद वर्षं भांडून मगच जातात. त्याच्या वाट्याला अजून सातच महिने होते. ते कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यातला हा एक अख्खा दिवस, मारियामातेच्या मार्चातल्या सणाचा, घरच्यांनी एका चिलखताच्या मालकीवरून भांडण्यात घालवला.

आदल्या वर्षी द्राक्षतोडणीच्या वेळी तो नदीच्या उतारावरच्या लढाईत मेल्याची खबर आली होती. घरच्यांना पहिला प्रश्न पडला, की बोलोन्याला कायदा शिकणारा मुलगा नदीच्या उतारावर गेलाच कशाला? मग कळलं, की पठ्ठ्याने पहिल्याच वर्षी पुस्तकं विकून घोडा घेतला होता आणि कप्तान ब्राकालेओनेच्या घोडदळात भरती झाला होता. त्याच्या पत्रांत कायद्यापेक्षा घोडेच जास्त असायचे. पण त्याची आई, दोन्ना लाउदोमिया, समजायची की बोलोन्यात कायदा घोड्यावर बसवूनच शिकवत असतील. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. तिने मारियामातेपुढे गुडघे टेकले आणि नवस केला. त्याला जिवंत आण. तुझ्या पायाशी मी त्याची मेणाची मूर्ती उभी करीन, पुऱ्या उंचीची, आणि त्याच्या अंगावरचं चिलखत तिला घालीन.

आमच्याकडे हे सगळेच करतात. पाय बरा झाला की मेणाचा पाय, ताप उतरला की मेणाचं डोकं. चर्चच्या छताला हात, पाय, काळजं नुसती लटकलेली आहेत, आणि पाणचक्कीवाल्याचं एक आख्खं खेचर. उन्हाळ्यात प्रार्थनेला बसलात, तर कोणाचा तरी अंगठा वितळून तुमच्या मानेवर ठिबकतो.

लिओनेत्तो नाताळाआधी घरी आला. मांडीला जखम, बाकी ठणठणीत. त्याच्यावर किती शत्रू तुटून पडले होते? आल्या दिवशी तो म्हणाला, चार. नाताळात ते अकरा झाले. मार्च उजाडेपर्यंत त्याच्या काकाने, उबाल्दोने, ते चाळिसांवर नेले होते, वर एक तोफ.

"काका," लिओनेत्तोची थोरली बहीण ओर्तेन्सिया विचारायची, "त्या चाळिसांत ज्याने लाथ घातली ते खेचर कितवं?"

मी मात्र चाळीसच सांगतो. ज्या घराचं दारूचं तळघर तीस वर्षं सांभाळलं, त्या घराचा आकडा मी कशाला खाली आणू?

*

सणाच्या दुपारी सगळे जेवायला बसले. उपवासाचे दिवस म्हणून मांस नव्हतं; वाटाण्याची आमटी होती, आणि कोमाक्क्योहून आणलेले वाम मासे होते, भाजलेले, चरबी टपकणारे. उबाल्दोने तिसरा तुकडा घेतला आणि सुस्कारा टाकला.

"फार कडक असतात बुवा हे दिवस."

"दिसतंय ते," त्याची बहीण म्हणाली. ही मदर स्कोलास्तिका, टेकडीवरच्या मठाची प्रमुख. चाळीस जोगिणींना नजरेने गप्प बसवायची. भावाला मात्र तिला तोंडाने बसवावं लागे.

चारच्या घंटेला मूर्ती चर्चमध्ये न्यायची होती. त्याआधी तिला चिलखत चढवायचं. आणि नेमकं त्याच सकाळी कप्तान ब्राकालेओनेचं पत्र आलं होतं. दहाव्या दिवशी फौजेची पाहणी. लिओनेत्तोला पंचवीस भालाइतांची तुकडी मिळणार होती, या वयात! पण पाहणीला कारकून उभा असतो. घोडा बघतो, चिलखत बघतो, मगच नाव लिहितो. चिलखत नाही, तर तुकडी नाही. आणि नवं चिलखत ब्रेशाच्या लोहाराकडून पाच महिन्यांच्या आत कोणाच्या बापाला मिळालेलं नाही.

"वहिनी," उबाल्दो म्हणाला, "मारियामातेला चिलखत हवंय कशाला? तिच्यावर कोण चालून येतंय?"

"उबाल्दो, तोंड आवर," मदर स्कोलास्तिका म्हणाली. "उपवास चालू आहेत."

"म्हणूनच तर मोकळं आहे."

"शब्द दिलाय मी," दोन्ना लाउदोमिया शांतपणे म्हणाली. "त्याच्या अंगावरचं, असं म्हणालेय. दुसरं नाही, तेच."

"आई, मला आधी विचारायचंस तरी," लिओनेत्तो म्हणाला.

"तू मेला होतास. कसं विचारणार?"

बोलोन्यात वर्षभर टिकला असता, तर यावर त्याला कदाचित काही सुचलं असतं.

ओर्तेन्सिया समोरून सगळ्यांकडे पाहत होती. बावीस वर्षांची, जिभेला धार, डोळ्यांना त्याहून जास्त. आईने नवस करताना चिलखतच का निवडलं, हे तिला पहिल्या दिवशीच उमगलं होतं. मेणबत्त्या चालल्या असत्या, चांदीचा दिवा चालला असता. पण दिव्यावाचून कोणी लढाईवर जायचं थांबत नाही. आईने देवाशी बोलता बोलता मुलाचं दार बाहेरून लावून घेतलं होतं. आणि काकाला ते दार उघडायची एवढी घाई का, हेही तिला कळत होतं. लिओनेत्तो घरात असला की मळ्यावरची माणसं हुकूम त्याला विचारायची. नसला की काकाला.

"आत्या, तुझं काय मत?" तिने विचारलं.

"नवस तो नवस," आत्या म्हणाली. "जसा उच्चारला तसा फेडायचा. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही."

म्हणजे दोघी एकीकडे, काका-पुतण्या दुसरीकडे. ओर्तेन्सिया आपल्या आमटीत पाव बुडवत राहिली. ती कोणाकडे आहे, हे तिला कोणी विचारलंच नाही. आणि तिने काय केलं होतं, तेही नाही.

*

दिवाणखान्यात मेणकार निकोदेमो मूर्तीवरची धूळ उंटाच्या केसांच्या कुंचल्याने झटकत उभा होता. फ्लोरेन्सचा माणूस, स्वतःच्या कामाकडे बघून स्वतःच डोळे पुसणारा. आणि काम होतंही तसंच. पुढचा टवका उडालेला दात, चेरीच्या झाडावरून पडल्याची भुवईवरची खूण, डावा खांदा किंचित उतरलेला. दोन्ना लाउदोमियाने पत्रावर पत्रं पाठवून सगळं कळवलं होतं. अंगात हिरव्या मखमलीचा डगला. तोही तिनेच पाठवलेला, मापासाठी.

लिओनेत्तोने मूर्तीभोवती एक फेरी मारली. "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"नाही," ओर्तेन्सिया म्हणाली. "बिचाऱ्याने मेण वाचवलंय."

दोन नोकरांनी चिलखताची छाती उचलून मूर्तीच्या गळ्यात घातली, पट्टे आवळले. शेवटच्या छिद्रापर्यंत आवळले. छाती खाली सरकली, पोटावर आली, तिथे क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि घणघणत जमिनीवर पडली. कुत्री पळाली. शिरस्त्राण घातलं, तर ते हनुवटीखाली जाऊन खांद्यांवर टेकलं. आत कोणी आहे की नाही कळेना. उजवा लोखंडी पंजा चढवला, तो सुटला आणि जाताना करंगळी घेऊन गेला.

निकोदेमो किंचाळला. मग ताठ उभा राहिला. "माप माझं चुकलेलं नाही. तुम्ही पाठवलेल्या डगल्यावरूनच घेतलंय, बाईसाहेब. टाक्याटाक्यावरून."

सगळ्यांनी मेणाच्या लिओनेत्तोकडे पाहिलं, मग खऱ्याकडे. खरा एक वीत उंच होता आणि छातीला जवळजवळ दीडपट.

"हा डगला कधीचा?" मदर स्कोलास्तिकाने विचारलं.

"त्याचा आहे," दोन्ना लाउदोमिया म्हणाली. "त्याच्या पेटीतला."

"बोलोन्याला गेला त्या दिवशीचा," ओर्तेन्सिया म्हणाली. "सोळाव्या वर्षीचा."

पहिल्यांदा उबाल्दो हसला. मग नोकर, मग लिओनेत्तो, आणि मग अगदी मदर स्कोलास्तिकासुद्धा, रुमालाआड. एकटी दोन्ना लाउदोमिया हसली नाही. ती वाकून मेणाची करंगळी शोधत होती.

लिओनेत्तो बहिणीच्या कानाशी लागला. "तुला ठाऊक होतं?"

"पेटीतून काढताना पाहिलं मी," ओर्तेन्सिया पुटपुटली. "गप्प बसले. जा आता, मजा कर. परत मात्र ये, नाहीतर याच्याशी भांडायला लागेल मला."

मदर स्कोलास्तिकाने घसा साफ केला. "पुऱ्या उंचीची मूर्ती, असा नवस होता. ही पुऱ्या उंचीची नाही. तेव्हा नवस अजून फिटलेला नाही, आणि पुऱ्या मापाची मूर्ती होईपर्यंत चिलखत मुलाचंच. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही."

"तू माझ्या बाजूची होतीस!" दोन्ना लाउदोमिया म्हणाली.

"मी अक्षराच्या बाजूची आहे."

लिओनेत्तोने तिथेच गडबड केली. आनंदात माणसाचं तोंड सुटतं, त्याचं जरा जास्तच सुटायचं. "झकास! म्हणजे काका, आपण दोघं मिळून घोडे तयार करू. कप्तानाने खाली लिहिलंय ना, तुकडीच्या नायकाला दोन घोडे लागतात, तर तुमचा सेराफिनो घेऊन ये म्हणून."

उबाल्दोचं हसू अर्ध्यावर थांबलं. सेराफिनो हा त्याचा तांबडा घोडा. उबाल्दोने दोन बायका पुरल्या होत्या, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी जेवला होता. सेराफिनोच्या पोटात दुखलं तेव्हा मात्र नऊ दिवस तबेल्यात झोपला होता.

"नवस," उबाल्दो छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही काय थट्टा वाटली का तुम्हाला? ढिलं होतंय तर लोकर भरा आत. पेंढा भरा. मारियामातेच्या तोंडचं चिलखत ओढून न्यायचं? या घरात? मी जिवंत असताना?"

"अंगाला बसत नाही ते," त्याची बहीण म्हणाली.

"श्रद्धेला सगळं बसतं!"

दोन्ना लाउदोमियाने दिराकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत तो पहिल्यांदा तिच्या बाजूने उभा राहिला होता, आणि तिला एकदम आपली बाजू चुकली की काय अशी शंका आली.

"सगळे बाहेर जा," ती म्हणाली.

*

सगळे गेले. म्हणजे दाराच्या पलीकडे गेले. लिओनेत्तो तेवढा राहिला.

तो मेणाच्या पोरासमोर उभा होता. मघाशी हसला होता. आता नीट पाहत होता. खालच्या ओठाचा कोपरा जरा आत ओढलेला. रडू दाबताना तो असं करायचा. हे त्याने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. ज्याने कोणी पाहिलं होतं, त्याने मेणकाराला कळवलं होतं.

"आई, केवढासा आहे गं हा."

"गेलास तेव्हा एवढाच होतास."

"चार वर्षं झाली."

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

बाहेर उबाल्दोचा आवाज येत होता. सेराफिनोला लढाईचा धूर कसा सोसणार नाही, ते तो कोणाला तरी समजावत होता.

"राहतो मी," लिओनेत्तो म्हणाला.

"काय?"

"राहतो. लोकर भरून घाल त्याला चिलखत. कप्तानाला मी लिहीन." आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसला. "खरंच सांगतोय. यात बोलोन्यासारखं काही नाही."

ते खरंच होतं. तो खोटं बोलताना छताकडे पाहायचा. आता तिच्याकडे पाहत होता.

दोन्ना लाउदोमियाला जे हवं होतं ते मिळालं. ती आनंदाने मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली, बदामाचा केक करायला सांगितला, उपवास आहे म्हणून तो केक रद्द केला, आणि मध घालून तांदूळ शिजवायला सांगितले. हात पुसत परत आली. मुलगा खिडकीच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय जुळवून. खाली रस्त्यावरून घोडेस्वार गेले, टापा वाजल्या. त्याने मान वळवली नाही.

"उद्यापासून काकांबरोबर मळे बघीन म्हणतो," तो म्हणाला. "वेलींची छाटणी राहिलीय ना?"

"राहिलीय."

"बरं."

तो हसला. चांगलं, आज्ञाधारक हसला. पाहुणा यजमानिणीकडे पाहून हसतो तसा. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. रुसला असता तर तिला सोपं गेलं असतं. रुसणाऱ्या पेत्रालतींना ती पंचवीस वर्षं पुरून उरली होती. तिने खिडकीकडे पाहिलं, मग दिवाणखान्याच्या मध्ये उभ्या असलेल्याकडे. दोघेही सारखेच नीट उभे-बसलेले, दोघेही तिला सोडून कुठे जाणार नव्हते.

"ऊठ," ती म्हणाली.

"आई?"

"हात वर कर. घरात मेणाचा एक पुरे. दोन मला सांभाळता यायचे नाहीत."

तिने जमिनीवरून चिलखताची छाती उचलली. ती एवढी जड असते हे तिला ठाऊक नव्हतं. गुडघ्यावर टेकवून पुन्हा उचलावी लागली. तो मदत करायला वाकला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"तो पट्टा उलटा आहे, आई."

"सात वर्षांचा होईपर्यंत तुझी विजार उलटी असायची. मी काही बोलले होते?"

"रोज बोलायचीस."

"मग आज तू बोल."

तिने सगळे पट्टे आवळले. शेवटच्या नव्हे, दुसऱ्याच छिद्रात बसले. मग मागे सरून पाहिलं. चार वर्षांची बातमी तिला एकदम कळली.

दार उघडलं. उघडायला फार वेळ लागला नाही, सगळे त्याला टेकूनच उभे होते. उबाल्दोने समोरचं दृश्य पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"वहिनी, नवस!"

"आल्यावर फेडू. पुऱ्या मापाचा."

"आणि सेराफिनो?"

"तोही जाईल. रडू नका, भावोजी. परत आला तर त्याचीही मेणाची मूर्ती करू. पाणचक्कीवाल्याच्या खेचराशेजारी टांगू."

*

चार वाजता मेणाचा लिओनेत्तो हिरव्या डगल्यातच चर्चला गेला, करंगळी राळेने चिकटवलेली. चिलखताच्या जागी दोन्ना लाउदोमियाने त्याच्या हातात एक मेणबत्ती दिली. पाद्रीबाबांनी विचारलं, "शूर शिपायाची मूर्ती म्हणाला होतात ना?" तर ती म्हणाली, "होईल. अजून लहान आहे."

पाचव्या दिवशी खरा गेला. वेशीपर्यंत सगळे गेलो होतो. तो मागे वळला आणि त्याने ओर्तेन्सियाला जीभ दाखवली; पंचवीस भालाइतांचा नायक! सेराफिनो मात्र एकदाही वळला नाही. उबाल्दोला ते आयुष्यभर लागून राहिलं.

ऑक्टोबरात निरोप्या आला. द्राक्षं तुडवायचं काम चालू होतं, सगळ्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत लाल. एका दलदलीच्या कडेला, सकाळी, घोड्यांना पाणी दाखवताना, पलीकडच्या वेतांतून बंदुकीची गोळी आली. चिलखत पुढून फुटलं होतं, मागून शाबूत होतं. एक गोळी. मी हे किती वेळा सांगितलं असेल, पण त्यात मला काही वाढवता आलेलं नाही.

दिवाणखान्यात कोणी बसलं नव्हतं. ओर्तेन्सिया भिंतीकडे तोंड करून उभी होती. हिरव्या डगल्याबद्दल गप्प बसली होती, ते तिने त्या दिवशी आईला सांगितलं, तेव्हा आई फक्त म्हणाली, "मला माहीत आहे, पोरी. तू कधी गप्प बसतेस?"

मदर स्कोलास्तिका मठातून चालत आली होती. तिच्याजवळ त्या दिवशी एकही अक्षर नव्हतं.

बोलला तो उबाल्दो. पुतण्यासाठी आणि परत न आलेल्या घोड्यासाठी एकत्रच रडत होता बिचारा, कोणासाठी किती हे त्यालाही सांगता आलं नसतं. "मी म्हणालो होतो, वहिनी," तो हुंदके देत म्हणाला. "मारियामातेला देऊ केलेलं आपण काढून घेतलं. तिचा कोप झाला. तिच्या तोंडचं काढलं आपण."

दोन्ना लाउदोमिया खाली बसून निरोप्याचे चिखलाने भरलेले बूट ओढून काढत होती. तो तीन दिवस चालत आला होता, आणि नोकर सगळे द्राक्षांच्या हौदात होते. तिने एक बूट बाजूला ठेवला.

"ती कशाला कोपेल, भावोजी?" ती म्हणाली. "तिचाही एकच होता. तिने तरी कुठे अडवला?"

आणि तिने दुसरा बूट धरला.